नानांचा मेळावा आणि शुक्रवारचा पाऊस

“मॅडम, शुक्रवारचा पाऊस तेवढा काढून टाका.”

मंगळवारी सकाळी नाना माझ्या टेबलासमोर ठाण मांडून बसले होते. नाना म्हणजे पालीकडचे पुढारी. मी बीडला शेती-हवामानाचं काम करते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि पिकांचा सल्ला, म्हणजे आमचं बुलेटिन, मोबाइलवर पाठवते. पाऊस पाडणं किंवा थांबवणं माझ्या ड्युटीत नाही. नानांना हे काही केल्या पटेना.

शुक्रवारी त्यांचा शेतकरी मेळावा होता. ऑक्टोबरचं ऊन. त्यांच्या गावात मांडवाचा सांगाडा मंडपवाल्याचा असतो आणि वरच्या ताडपत्र्या घराघरांतून गोळा होतात. इकडे टेबलावरच्या माझ्या अजून न पाठवलेल्या बुलेटिनात नानांनी वाचलं होतं: शुक्रवारी दुपारी बऱ्याच ठिकाणी विजांसह पाऊस, कापलेल्या सोयाबीनचे ढीग ताडपत्रीने झाका.

“तुमी असं लिव्हल्यावर मला ताडपत्री कोन देईल?”

मुद्दा बिनतोड होता. नाना उठून आमच्या साहेबांकडे गेले आणि थोड्या वेळाने साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“‘बऱ्याच ठिकाणी’चं ‘तुरळक ठिकाणी’ करा ना. एका शब्दाचा तर प्रश्न आहे.”

आमच्याकडे हे शब्द मोजून वापरतात. तुरळक म्हणजे जिल्ह्यात जिथे पाऊस मोजतात, त्यातल्या फार तर पाव ठिकाणी. बऱ्याच म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि कापलेलं सोयाबीन भिजलं की ढिगातच काळं पडतं. हंगामाची मेहनत मातीत. माझं डोकं तापलं.

“करते सर. खाली सही तुमची घेते.”

साहेबांनी चष्मा पुसला. “राहू द्या. आहे तसंच जाऊ द्या.”

बुलेटिन गेलं. गावात ते पोचायचं नानांच्याच ग्रुपवरून. नानांनी इमानदारीत टाकलं, फक्त शुक्रवारची ओळ पुसून. गावाने बिनघोर ताडपत्र्या दिल्या. मला हे गुरुवारी कळलं, तेही त्यांच्याच घरातून.

फोन शालनकाकूंचा होता, नानांच्या पत्नीचा. आठवड्यातून एकदा त्या अंदाज माझ्या तोंडून ऐकतातच.

“मॅडम, मेसेजमंदी गुरवार झाला की थेट शनवार. शुक्रवार कावून न्हाई?”

मी मूळ बुलेटिन वाचून दाखवलं.

“आमचं सोयाबीन उघडं पडलंय अन् ताडपत्री ह्यांच्या मांडवावर.”

“मग आता?”

“बगते की.”

काकू बचत गटाच्या अध्यक्ष आहेत, हे नाना बहुधा विसरले होते. शुक्रवारी सकाळी गटाच्या बायका शिडी घेऊन मांडवात शिरल्या आणि आपापली ताडपत्री ओळखून उतरवू लागल्या. पहिली उतरली ती नानांच्या घरची.

“अगं, पाऊस न्हाई म्हनलंय ना बुलेटिनात!” नाना ओरडले.

“न्हाई ना? मंग बसा की उघड्यावर,” काकू म्हणाल्या.

पाहुणे दोन तास उन्हात भाजले. नाना माइकपाशी आले आणि पाऊसही आला. पाहुणे गाड्यांकडे पळाले. नाना डोक्यावर प्लॅस्टिकची खुर्ची धरून “बसून घ्या, बसून घ्या” म्हणत राहिले. गावचं सोयाबीन मात्र कोरडं राहिलं. इकडे ऑफिसात ढगांचा गडगडाट ऐकताना, खोटं कशाला बोलू, मला चहा जरा जास्तच गोड लागला.

पुढच्या मंगळवारी नानांचा फोन आला.

“मॅडम, या बारीला अंदाज आदी मला सांगा. हिच्या आदी.”

“बरं,” मी म्हटलं.

अंदाज बरोबर येणं हे निम्मंच काम. ढीग झाकणाऱ्या माणसापर्यंत तो पोचणं हे उरलेलं निम्मं. म्हणून तेव्हापासून मी बुलेटिन आधी काकूंना वाचून दाखवते आणि मग नानांना पाठवते.