वसंतापेक्षा उंच गॅरेज

गॅरेजची गरज माझ्या गाडीला नव्हती, मला होती. गाडी अंगणात कडुनिंबाखाली सुखात होती. पण शेजारच्या वसंताने, म्हणजे माझ्या धाकट्या चुलतभावाने, घराशेजारी सुटं, पक्कं गॅरेज बांधलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं!

त्यात आमच्या सौ. रोज कुंपणापाशी!

"पाहा, वसंतभाऊजीनं कसं गॅरेज काढलं! आपल्या गाडीले कावळे रंगवून राह्यले."

(इतक्या कौतुकाने तिने मला लग्नातही पाहिलं नव्हतं.)

मी मिस्त्री बोलावला.

"किती रुंद काढाचं, भाऊ?"

"वसंतापेक्षा उंच!"

"मी रुंदी इचारली."

"रस्त्यावरून रुंदी कोणाले दिसते?"

गाडीचे आरसे मिटवून मी माप दिलं आणि वाचलेल्या विटा वर चढवल्या. भिंत वसंताच्या छतापेक्षा हातभर वर गेली, तरी मन भरेना. आणखी थर लावले.

"हत्ती पाळता काय आता?" मिस्त्री म्हणाला.

उद्घाटनाला मालेगावहून सासरची मंडळी आली. बायको ताट घेऊन उभी. मी रुबाबात गाडी आत घातली आणि दार उघडलं. टक्क! भिंत. पलीकडचं उघडलं. टक्क!

"उतरा ना! ओवाळू द्या!"

"थांब जरा! एसी मस्त चालू आहे!"

"दादा, गाडी मांगं घे!" वसंता ओरडला.

मागे घेऊ? त्याच्या देखत? त्यापेक्षा आतच जन्म काढीन!

"काहून? मी मजेत आहो!"

पण बाहेर पंगत बसली, वांग्याच्या भाजीचा वास आला आणि माझा धीर सुटला. सीटवरून रांगत मी डिक्कीत पोचलो. बाहेरून डिक्की उघडली ती वसंतानेच! त्याने काखेत हात घालून मला ओढलं. आधी डोकं बाहेर आलं, बायकोने तेवढंच ओवाळून घेतलं. सासरे पंगतीतून उठून बघायला आले.

वसंता हसला असता तरी चाललं असतं. पण तो मायेने म्हणाला, "दादा, माह्या गॅरेजात दोन गाड्या मावते. तुई बी लाव." मी जागच्या जागी जळालो.

आता माझ्या उंच गॅरेजात सोयाबीनची पोती असतात आणि गाडी वसंताकडे. सकाळी तो स्वतःच्या गाडीबरोबर तिलाही धुतो. बायको कुंपणापाशी उभी राहून म्हणते, "पाहा, कशी चमकून राह्यली!"

हल्ली मला माझ्या गाडीचाच हेवा वाटतो.