टोपणाच्या ट्यूबला फाडायची खाच

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात ते मी ऐकलं. तुमच्याकडे टोपी घातल्याशिवाय आणि उन्हाचं क्रीम लावल्याशिवाय शाळेच्या मैदानावर सोडत नाहीत, आणि धाकट्याचं म्हणणं असं की सगळी क्रीमं सारखीच, उगीच कटकट. थोरली म्हणाली, "आजीला विचार, ती पोलीस होती." त्यावर तुमची आई हसली. पण पोलिसाचा आणि उन्हाच्या क्रीमचा संबंध आहे. तो फोनवर घाईघाईत सांगण्यासारखा नाही, म्हणून लिहून पाठवते. नावं कोणाचीच देणार नाही; ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

माझ्या नोकरीतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोयता कुठल्या खुनातला आणि जीप कुठल्या दरोड्यातली, हे मला विचारू नका. ही घटना मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे.

सोलापुरातल्या माझ्या पोलीस ठाण्यात उन्हाळ्यातल्या एका सकाळी हजेरी नुकतीच संपली होती. एक तरुणी आत आली आणि आत आल्यावरही तिने छत्री मिटली नाही. ठाणे अंमलदार म्हणाला, "ताई, हितं पाऊस न्हाय पडत."

"ऊन पडतंय की," ती म्हणाली आणि तिने खिडकीकडे बोट केलं. मग भिंतीच्या आडोशाला सरकून छत्री मिटली. अंमलदाराने पुढची थट्टा गिळली. तिचे केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं होतं. जन्मापासून अंगात रंग तयार होत नाही अशी ती होती. एक गाल आणि मान लालभडक होऊन सोलली होती, दोन्ही हातांना पट्ट्या होत्या.

ती करकंबजवळच्या एका वस्तीवरची. लहानपणी तिची खोली म्हणजे खिडकीला गोणपाट ठोकलेली अंधारी खोली. अभ्यास तिथेच, खेळही तिथेच. साधी उन्हाची क्रीमं लावली की तिची कातडी चुरचुरायची, पुरळ यायचं. पुढे सोलापूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी नव्या प्रकारचं क्रीम दिलं आणि ते तिला मानवलं. तिच्या वडिलांनी गोणपाट काढलं. ती अंगणवाडी सेविका झाली, छत्री घेऊन दारोदार जाऊन पोरं वजनाला आणू लागली. आणि आता त्याच क्रीमची नवी ट्यूब लावून ती भाजली होती.

वडील मागे उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, हिला समजावा. नोकरी सोड म्हनतोय मी. कातडी राहिली तर नोकरी."

तिने ट्यूब माझ्या टेबलावर ठेवली. "मला भरपाई नको, मॅडम. क्रीमनं दगा दिला का मानसानं, एवढंच सांगा. क्रीमनं दिला असंल तर मी घरात बसते. मानसानं दिला असंल तर बसनार न्हाय."

पोलीस ठाण्यात लोक मागतात ते चोरीला गेलेलं परत मागतात, नाहीतर कोणाला तरी आत टाका म्हणतात. असा सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. माझा उपनिरीक्षक हळूच म्हणाला, "मॅडम, हे ग्राहक मंचाचं काम आहे." मी स्टेशन डायरीत नोंद करायला लावली.

"काय वेगळं वाटलं?" मी तिला विचारलं.

"आधीची कातडीवर बसायची. घाम आला तरी डोळ्यात झोंबत नव्हती. ही तेलावानी आत मुरली आनि डोळं लई झोंबलं."

हे घेऊन मी डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांची जेवायची वेळ होती. डब्यातला डाळिंबाचा एक दाणा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "रस आहे ना यात? पण तुमचा हात कोरडा. का, तर रस पापुद्र्यात बंद आहे. या क्रीममध्ये ऊन अडवणारा घटक असाच डोळ्याला न दिसणाऱ्या कवचात बंद केलेला असतो. कवचामुळे तो कातडीत झिरपत नाही, वरच थर धरून राहतो. ज्यांची कातडी नाजूक असते, त्यांना याचा फार उपयोग. ती म्हणते तसं मुरत असेल तर ट्यूबमध्ये दुसरंच काहीतरी आहे."

मी इंग्रजी शाळेत विज्ञान शिकले, पण एखाद्या गोष्टीला इतक्या बारीक कवचात बसवून तिला तिच्या जागी थांबवता येतं, याचं मला त्या दिवशी खरंच नवल वाटलं. आजही वाटतं.

त्यांच्या आणखी काही पेशंटांची हीच तक्रार होती. मग मी गुन्हा नोंदवून घेतला. तिने ट्यूब शहरातल्या ज्या दुकानातून घेतली होती, तिथून औषध निरीक्षकांनी नमुने घेतले, पण प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो. दुकानदार म्हातारा, सरळ माणूस. "मेरी बहू बी यहीच लगाती, मॅडम," म्हणत त्याने स्वतःच सगळ्या ट्यूबा काढून टेबलावर ओतल्या. माल देणाऱ्या विक्रेत्याचा पत्ताही त्यानेच दिला.

विक्रेता इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा होता. "वरून आला तसा दिला, मॅडम. आमच्या हातात काय असतं? सील बघा की, कंपनीचंच आहे."

चौकशीत मी एक गोष्ट शिकले होते. खोटं बोलणारा माणूस न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सीलबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं.

दुपारी टेबलावर एका बाजूला ती ट्यूब, दुसऱ्या बाजूला माझा डबा. भाकरीबरोबर शेंगाचटणीचं पाकीट फोडायला घेतलं. पाकिटाच्या कडेला फाडायला सोपं जावं म्हणून बारीक खाच असते, तिथे बोट गेलं. आणि नजर ट्यूबकडे गेली. ट्यूबच्या मागच्या चिकटवलेल्या कडेलाही तशीच खाच होती! ज्या ट्यूबला टोपण आहे, तिला फाडायला खाच कशाला हवी? ती ट्यूब चटणीची पाकिटं चिकटवायच्या यंत्रावर बंद केलेली होती. यंत्राला काय कळतं. ते आपलं कडेला खाच पाडत गेलं. आणि ज्याचा जन्म चटणीची पाकिटं चिकटवण्यात गेला, त्याला ती खाच दिसेनाशीच झाली असणार.

आता शहरात चटणीवाले का थोडे आहेत? दोन शिपायांना दुकानोदुकानी पाठवून जितक्या प्रकारची पाकिटं मिळतील तितकी आणवली. माझं टेबल लसणीच्या वासाने भरून गेलं. ट्यूबवरच्या खाचेला पातं झिजल्यामुळे एका बाजूने शेपटी आली होती. तशी शेपटी शोधायची होती. हवालदार भिंग लावून एकेक पाकीट तपासत होते आणि म्हणत होते, "मॅडम, ही मुद्देमालात घ्यायची का भाकरीवर?" अखेर एका पाकिटावर तीच शेपटी सापडली.

औषध निरीक्षक आणि पंच बरोबर घेऊन आम्ही त्या पाकिटावर पत्ता असलेल्या चटणीच्या कारखान्यावर छापा घातला. मागच्या खोलीत छापलेल्या रिकाम्या ट्यूबा, साध्या कोल्ड क्रीमचे पिंप, आणि ते यंत्र. पंचांसमोर यंत्रावर एक कोरी ट्यूब चालवून पाहिली. खाच पडली, शेपटीसकट. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. पंचांच्या डोळ्यांसमोर पडलेली खाच टिकते.

मालक म्हणजे त्या विक्रेत्याचा मेहुणा. ठाण्यात आणला तरी त्याला आपण फार काही केलं असं वाटतच नव्हतं. "क्रीमच तर हाय, मॅडम. इख न्हाय घातलं. गोरं व्हायलाच लावत्यात की लोकं, झालं न्हाय गोरं तर काय बिघडलं?" आधी विकलेला माल कुठे कुठे गेला, ते मात्र तो सांगेना. आणि मला तेच हवं होतं, कारण त्या ट्यूबा रोज कोणी ना कोणी अंगाला लावत होतं.

त्याच वेळी ती छत्रीवाली मुलगी पुरवणी जबाबासाठी आली होती. बाहेरच्या बाकावर बसून तिने हे ऐकलं. पडदा सारून ती दारात उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "मला अजून किती गोरं व्हायचंय?"

त्याने वर पाहिलं. पांढऱ्या पापण्या, सोललेली मान, पट्ट्या. एकही शब्द ती वावगा बोलली नाही. फक्त उत्तराची वाट पाहत उभी राहिली. त्याने मान खाली घातली आणि पाणी मागितलं. मग एकेक दुकान सांगू लागला. शहरातली, माढ्यातली, करमाळ्यातली. त्या संध्याकाळपासून आमची माणसं गाड्या घेऊन फिरली आणि ट्यूबा परत आणल्या.

अहवाल आला. ट्यूबमध्ये ऊन अडवणारं काहीही नव्हतं. दोषारोपपत्र दाखल झालं आणि पुढे दोघांनाही शिक्षा झाली. अहवाल आला त्या दिवशी मी स्वतः वस्तीवर गेले. खिडकीला पुन्हा गोणपाट ठोकलेलं होतं. अंधारात ती बसली होती.

"मानसानं?" तिने विचारलं.

"माणसानं," मी म्हणाले.

वडील उठले आणि गोणपाट ओढून काढू लागले. घाईत खिळे तसेच राहिले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, तर पहाऱ्याची किंमत. पहारेकऱ्याने दारात उभं राहावं, घरात घुसू नये, आणि जागाही सोडू नये. असा पहारा कोणीतरी अक्कल वापरून एका थेंबात बसवला आहे. आणि त्याच्यावर विसावून एक मुलगी रोज उन्हात पाऊल टाकते, हे धाडस माझ्या वर्दीतल्या कुठल्याही धाडसापेक्षा मला मोठं वाटतं. म्हणून धाकट्या, क्रीम मुकाट्याने लावत जा.

मुद्देमाल कोर्टाच्या आदेशाने केव्हाच नष्ट झाला. ती अजून अंगणवाडीत आहे. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे चहाला गेले होते. खिडकीच्या चौकटीत खिळे अजून आहेत. गोणपाट नाही.