कुंकू लावलेलं मसाल्याचं पत्र

माझ्या नणंदेच्या लग्नाचं आमंत्रण तिचं लग्न ठरायच्या आधीच गावोगाव पोचलं होतं. ते मी पाठवलं होतं. आणि ते लग्नाचं नव्हतंच, काळ्या मसाल्याचं होतं!

हल्ली माझी नात त्याच मसाल्याची वेबसाइट करतेय. परवा मला समजावत होती की, ज्यांना आपली पत्रं हवीत त्यांनीच आपणहून ईमेल लिहून द्यायचा, चौकटीत खूण करायची आणि मगच आपण पत्र पाठवायचं. कंटाळा आला तर त्यांना ते बंदही करता आलं पाहिजे. "विचारल्याशिवाय एकही नाव घ्यायचं नाही, आजी!" मी पदर तोंडाला लावला. (हसू लपवायला पदरासारखी सोय नाही. जीन्सवाल्या काय करत असतील, देव जाणे.)

ऐंशी सालानंतरची गोष्ट. गंगाखेडला मी नवी सून होते. हे शाळेत मास्तर आणि मी मॅट्रिक पास. त्यामुळे घरातली सगळ्यात शहाणी बाई मीच, अशी माझी खात्री होती. (ही खात्री दुसऱ्या कुणाची असल्याचं आठवत नाही.) उन्हाळ्यात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, असा मसाला कुटायच्या की वास पार गल्लीच्या टोकाला जायचा. वास जातो तर मसाला का जाऊ नये? मी विकायचं ठरवलं. अक्षय तृतीयेला सुरुवात!

पण गिऱ्हाइकं? तेव्हा घरात आलेली पत्रं एका वाकवलेल्या तारेत ओवून खुंटीला टांगायची पद्धत होती. मी तार खाली काढली आणि पत्ते उतरवायला बसले. मामा, मावश्या, यांचे जुने मित्र, खताचा दुकानदार, कुणालाच सोडलं नाही. तारेच्या अगदी टोकाला पाथरीचं पत्र होतं. तोही पत्ता उतरवला.

इथं थोडं थांबून सांगते. पाथरीची मंडळी माझ्या नणंदेला, सुलूताईला, बघून गेली होती. पोहे मागून मागून खाल्ले आणि "कळवतो" म्हणून जी गेली ती गेलीच. सुलूताई वरवर म्हणायची, "मला काय त्याचं!" आणि पोस्टमनची सायकल वाजली की पहिली उंबऱ्यात! आत्याबाईंनी सगळ्यांना दम भरलेला, "त्यांचा निरोप येईस्तोवर तिकडं कुणी एक अक्षर लिवायचं न्हाई. पोरीवाले घाईवर आलेत असं दिसलं की सोयरीक मोडलीच समजा."

हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण मी लग्नाचं कुठं लिहीत होते? मी तर मसाल्याचं लिहीत होते!

आता जाहिरात कशी लिहितात हे मला ठाऊक नव्हतं. घरात नमुना एकच होता, माझी स्वतःची लग्नपत्रिका. तिच्यावरून पोस्टकार्डांवर लिहिलं, 'श्रीकृपेने आमचे येथे अक्षय तृतीयेच्या शुभमुहूर्तावर कार्य योजिले आहे, तरी सहकुटुंब सहपरिवार येऊन शोभा वाढवावी.' एवढ्यात कार्ड भरलं. मसाला राहिला की! तो तळाशी बारीक अक्षरात कोंबला. शेवटी, चांगल्या कामाचं पत्र कोरं कसं धाडायचं म्हणून प्रत्येक कार्डाला ओल्या हळदी-कुंकवाची बोटं लावली. बोटं नेमकी तळाशी, मसाल्यावर!

अक्षय तृतीयेला सकाळीच अंगणात कांडप मांडलं होतं. तोंडाला फडकी बांधून आत्याबाई आणि सुलूताई उखळात मिरच्या कुटत होत्या. तेवढ्यात सोनपेठच्या एसटीनं मामा आले. डोक्याला फेटा, हातात आहेराची कळशी.

"मांडव कुठाय?" मामा म्हणाले.

"कशाचा मांडव?" आत्याबाई म्हणाल्या.

"आता गं! सुलीचं लगीन न्हवं?"

मागोमाग मावशी आली. तिनं रुखवतात मांडायला लोकरीची दोन बदकं विणून आणली होती. मग खताचा दुकानदार आला, सहकुटुंब सहपरिवार! कार्डावर वधूवरांची नावं नव्हती खरी, पण घरात लग्नाची मुलगी एकच. नावं ज्यानं त्यानं आपल्या मनानं भरून घेतली होती. आणि अक्षय तृतीयेला पंचांग कोण बघतंय?

"ही कुणाची करामत?" आत्याबाईंनी कार्ड हातात घेऊन विचारलं. ह्यांनी अक्षर ओळखलं आणि छताकडे बघायला लागले. (आम्ही अंगणात होतो. छत नव्हतंच.)

एवढ्यात दारात जीप थांबली. पाथरीची जीप! पुढून मुलाची आई उतरली, मागून मुलगा. बाईंच्या हातात माझं कार्ड होतं. त्यांनी अंगणात पाऊल टाकलं आणि मिरचीनं आपलं काम केलं.

"आमाला... आक्छी! इचारलं... आक्छी! इचारलं का कुणी? आमी अजून हो म्हनलो न्हाई... आक्छी! अन् तुमी तारीख काढून मोकळे? आन् नवरदेव आमचाच हाय का दुसरा कुणी, तेवढं तरी सांगा!"

आत्याबाई पांढऱ्याफटक पडल्या. आता मॅट्रिकच्या अकलेची खरी गरज होती. मी पुढं झाले, "गैरसमज झाला हो. हे मसाल्याचं आमंत्रण आहे."

"मसाल्याला कुंकू लावता तुमी?"

यावर मॅट्रिकला काही शिकवलेलं नव्हतं.

"बाई, चूक झाली," आत्याबाई मध्ये पडल्या. "तुमाला न इचारता कसं ठरवू? माझी सून जरा..." पुढचा शब्द त्यांनी पाहुण्यांसमोर गिळला. "तुमचा नकार असंल तर तसं सांगा. नशीब पोरीचं."

तेव्हा उखळाजवळून आवाज आला, "मला कुणी इचारलंय का?"

सुलूताई! तोंडावरचं फडकं ओढून काढलेलं, डोळे लालभडक, नाक गळतंय, हातात मुसळ. मुलीनं असं बोलायची आमच्याकडं पद्धत नव्हती.

मुलाची आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बरं, आता इचारते. काय म्हणनं हाय तुजं?"

"माझी ना न्हाई," सुलूताई म्हणाली आणि मुसळासकट आत पळाली.

बाई मुलाकडं वळल्या, "आन् तुजं रे?" त्या बिचाऱ्यानं तोंड उघडलं आणि त्याला अशी शिंक आली, की मान थेट छातीला टेकली.

"हो म्हनला! हो म्हनला!" मामा ओरडले आणि कळशी वाजवायला लागले. मुलगा सावरून म्हणाला, "शिंक नसती आली तरी हेच सांगणार होतो. मीच रोज म्हणायलोय आईला, कळवा म्हणून." मावशीनं ताबडतोब बदकं मांडली. सुपारी त्याच दिवशी फुटली. जेवायला पिठलं-भाकरी होती, त्यात नवा मसाला. विहीणबाई शिंकत शिंकत दोनदा वाढून घेत होत्या.

संध्याकाळी पाहुणे निघाले, तेव्हा मी शहाणी होऊन एकेकाला विचारलं, "मसाल्याचं पत्र पुन्हा पाठवू का?"

"पाठव," मामा म्हणाले, "पण कुंकू लावलंस तर पुन्हा आहेर घेऊन यीन, सांगून ठिवतो."

बाकीच्या बहुतेकांनी हातच जोडले. बोटांवर मोजण्याएवढे 'हो' म्हणाले. त्यात पहिल्या विहीणबाई. पण त्या मोजक्यांनी पुढं वर्षानुवर्षं मसाला नेला. हात जोडणाऱ्यांपैकी खताचा दुकानदार मात्र नंतर मला बाजारात बघितलं की रस्ता बदलायचा.

हे सगळं मी नातीला सांगितलं. खूष झाली. "म्हणजे परवानगीचं महत्त्व तुला माझ्याआधी कळलं होतं, आजी!" मलाही भरून आलं. त्या भरात मी तिला मदत म्हणून माझ्या भजनी मंडळातल्या सगळ्या बायकांचे, त्यांच्या मुलांचे आणि सुनांचे ईमेल गोळा करून दिले.

"अगं, पण यांना विचारलंस का?" नात किंचाळली.

"विचारायचं काय त्यात?" मी म्हटलं. "सगळ्यांच्या लग्नाला जेवून आलेय मी!"