काळी तुती की पांढरी

परसात विहिरीजवळ एकाच झाडापुरती जागा होती, आणि तिच्यावरून माझं नि सासूबाईंचं जुंपलं. आता जुंपलं म्हणजे काय, मी नवी सून, डोईवर पदर, बोलायची सोय कुठली! पण मनातल्या मनात हटून बसले होते.

माझं माहेर देवासचं. तिथे आमच्या दारी काळ्या तुतीचं झाड. हो, इकडे सगळे शहतूतच म्हणतात, मीही म्हणते. धारला सासरी आले तरी ती आंबटगोड चव जिभेवरून जाईना. थंडीत माझा दादा भेटायला आला, तो ओल्या गोणपाटात त्या झाडाची काडी गुंडाळूनच.

सासूबाईंनी काडी पाहिली. "काळी? नको गं बाई! यांचं पूजेचं पांढरं धोतर इथेच वाळतं. फळ पडलं, पाखरांनी घाण केली, की सोवळ्याला डाग! नालछ्याहून पांढरीची काडी मागवते."

"पांढरी म्हणजे नुसतं साखरेचं पाणी," दादा बोलून गेला.

"मग साखर काय कडू लागते का रे तुम्हा देवासकरांना?"

देवघरातून मामंजी ओरडले, "दोन्ही लावा! आधी फुटेल ती ठेवा, दुसरी काढा. पण मला पूजा करू द्या!"

झालं, ठरलं. दोन्ही काड्या शेजारी रोवल्या, आणि चारच दिवसांत मी बाजूला बसले. त्या काळी बाजूला बसलेल्या बाईनं झाडाला हात लावायचा नाही, पाणी घालायचं नाही. मागच्या ओसरीतून मी आपली काडीकडे बघत बसे. वाळली की संपलंच, मग माहेरचं झाड कुठलं!

सासूबाईंनी माझं तोंड पाहिलं. "रडतेस काय? मी घालते हो पाणी. तुझी काडी सुकवून मला जिंकायचं नाही."

पुढेही ते काम त्यांनी सोडलं नाही. माझ्या काडीला विहिरीचं साधं पाणी. आणि स्वतःच्या लाडकीला? देवांच्या स्नानाचं! दूध, दही, मध, साखर, सगळं त्यात. पवित्र पाणी, पायदळी जायला नको, आणि काडीही जोमानं वाढेल, असा हिशेब. पांढरीला मुंग्यांची रांग लागली, साल कुजली. आणि माझ्या काळीला एका सकाळी हिरवा कोंब!

"देवांनीच माझी काडी खाल्ली," सासूबाई म्हणाल्या, पण शब्दाला जागल्या. पांढरी स्वतःच्या हातानं उपटली.

पुढे दोन-तीन वर्षांनी झाड फळाला आलं. त्या पहिल्याच चैत्रात मामंजींच्या धोतरावर हा एवढा जांभळा डाग! ते धोतर हातात घेऊन परसात आले. मी दाराआड जीव मुठीत धरून उभी. आता कुऱ्हाडच मागवतात की काय!

सासूबाई झाडाखाली उभ्या. ओठ, जीभ, बोटं, सगळं जांभळं.

"माझ्याकडे काय बघता? त्या सोवळ्याच्या दांडीला कुणी सांगितलं झाडाखाली उभं राहायला?" त्या म्हणाल्या. "दांडी हलवा पलीकडे."

दांडी हलली.