फूटभर आडनाव

चौऱ्याहत्तर साली नव्या पेठेतल्या एका कापडदुकानाची पाटी मी शिडीवर चढून टांगली. देवाचं नाव, खाली 'शुभ लाभ', सगळं माझ्या हातचं. मी खाली उतरलो तसं शेटजींनी भटजींना खुणावलं. भटजींनी पाटीवर गोमूत्र शिंपडलं. ऑइलपेंट असल्यामुळे पाटीचं काही बिघडलं नाही. चार थेंब माझ्या शर्टावर आले. म्हणजे थोडा मीही शुद्ध झालो असणार.

शेजारी माझे मालक, पेंटर मास्तर, उभे होते. मी स्वतःचं दुकान काढतोय, हे त्यांनी कौतुकानं सांगितलं. शेटजी हसले. "अक्षर चांगलं आहे रे तुझं. पण धंद्याला पात्रता लागते. तुमच्या लोकांचं ते काम नाही."

मग त्यांनी माझ्या ओंजळीत वरून पेढा टाकला. मी तो खाल्ला.

पेंटरनं पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव टाकायचं, असा आमच्यात रिवाज. सात वर्षं मी मास्तरांचं नाव टाकत आलो. त्यांची सही त्यांच्यापेक्षा मला बरी जमायची. माणूस वाईट नव्हता. जुने ब्रश त्यांनीच दिले. म्हणाले, "फक्त आडनाव गाळ. कशाला कुणाच्या डोळ्यावर यायचं?"

भाड्यानं टपरी घेतली. पाटीच्या पत्र्याला पांढरा रंग दिला, खडू लावलेल्या सुतानं रेघा मारल्या. पुढं महिनाभर पत्रा कोराच. वाचनालयात बसून जगातल्या क्रांत्या वाचायच्या आणि टपरीत येऊन पत्र्याला भ्यायचं. ब्रश उचलला की डोक्यात कुणीतरी बोलायचं. तुझ्याकडे कोण येणार? तुझी पात्रता काय?

आईला विचारलं.

"नगं लिवू आडनाव," ती म्हणाली. "तुज्या बापानं दुसरंच सांगितलं, तवा ही खोली मिळाली. घरमालकानं पाटी वाचली तर हितनं उठावं लागंल."

बाप जाऊन दोन वर्षं झाली होती. तो दारातून आत येताना रोज एक माणूस बाहेर ठेवून येत होता, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी तो आवाज पुन्हा आला. तुझी पात्रता काय? या वेळी मी तो नीट ऐकला. पात्रता? आमच्या घरात हा शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता. आई भ्याली तर 'न्हाय जमायचं रं' म्हणेल. हा आवाज माझा नव्हताच. माझ्या डोक्यात शेटजी राहत होते, तेही बिनभाड्यानं.

मी आडनाव रंगवलं. पूर्ण. पत्र्याच्या मधोमध, फूटभर अक्षरांत.

आई बघायला आली. तिला वाचता येत नव्हतं. "कुटं हाय?" तिनं विचारलं. मी बोट ठेवलं. ती पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली.

"लई मोठं केलंस की," म्हणाली. मग घरी जाऊन भांडी पोत्यात भरायला लागली.

आठवड्यात खोली गेली. आई कुंभारीला मामाकडे गेली, मी टपरीत झोपू लागलो. पहिलं गिऱ्हाईक पाटी वाचून माघारी फिरलं. दुसऱ्यानं पाटी वाचून सुचवलं, "एवढं आडनाव पुसा, मग काम देतो."

"काम राहू द्या," मी म्हणालो.

धंदा चालेल की बुडेल, मला ठाऊक नव्हतं. बुडाला तर माझ्या नावानं बुडेल, एवढं ठरलं होतं.