एका नावाच्या दोन डिस्क

घरवाटप कार्यालयाच्या संगणकखोलीत तो वर्षानुवर्षं नाकाने कांदे सोलत बसला होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत. चेष्टेने म्हणत, हे त्याला कधी कळलं नाही. तेवढी अक्कल असती तर पुढचं घडलं नसतं.

तिथल्या अवाढव्य यंत्राला प्रत्येक डिस्क दोन खुणांनी कळते: ती जिथे जोडली आहे तो क्रमांक आणि तिच्या आत लिहिलेलं नाव. दर शुक्रवारी दुपारी मूळ डिस्कची नक्कल निघायची. नक्कल तंतोतंत, म्हणून आतलं नावही तेच. पण एका नावाच्या दोन डिस्क यंत्राला चालत नाहीत. सुरू होताना ते विचारतं, या दोन क्रमांकांपैकी कुठली बंद करू? उस्ताद न वाचताच मोठा क्रमांक ठोकून द्यायचा, कारण नक्कल कायम तिथेच असायची.

शनिवारी दुरुस्तीवाल्याने जोडण्यांची अदलाबदल केली.

"सोमवारी बघून उत्तर द्या बरं का," तो म्हणाला.

"मला शिकवू नका," उस्ताद कान कोरत म्हणाला.

सोमवारी सवयीने त्याने मूळ डिस्कच बंद केली, आणि शिळ्या नकलेवर अख्खं कार्यालय कामाला लागलं.

त्याची थोरली बहीण विधवा. ती त्याच्या स्वयंपाकघरात पथारी टाकून राहायची. तिला पोसतो हे तो गावभर सांगायचा. ती दिवसभर राबते हे तेवढं विसरायचा. शुक्रवारी नक्कल निघाल्यावर काही लोकांच्या नावावर घरं चढली, त्यांत ताईही होती. उस्तादने ते पडद्यावर पाहिलं आणि घरी येऊन वर "माझ्यामुळे झालं" अशी शेखी मिरवली. ताईने त्याच रात्री ट्रंक दोरीने बांधून ठेवली.

सोमवारी दुपारी ती किल्ली घ्यायला गेली. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "ताई, तुमचं नावच नाही इथे."

हे कानावर येताच उस्तादने क्रमांक तपासले आणि सकाळी आपण मूळ डिस्कच बंद केली हे त्याला कळलं. मूळ डिस्क शाबूत होती. साहेबांना सांगितलं असतं तर ताईला घर मिळालं असतं, लोकांना एका दिवसाचं काम पुन्हा करावं लागलं असतं, आणि त्याची उस्तादी चव्हाट्यावर आली असती. हा पठ्ठ्या मूग गिळून बसला. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याने नकलेवरचं सगळं मूळ डिस्कवर उतरवलं. आता दोन्ही सारख्या झाल्या, शुक्रवारी चढलेली नावं कायमची पुसली गेली. कुणी ओरड केलीच तर अर्जदारावर ढकलायचं, ही तिथली जुनीच रीत होती.

घरी ट्रंक दाराशीच होती.

"पुन्हा अर्ज कर," तो चपला काढत म्हणाला. "तूच काहीतरी चुकीचं भरलं असशील."

"अरे, पण शुक्रवारी माझं नाव तूच पाहिलं होतंस ना?"

"जेवायला वाढ," उस्ताद म्हणाला.

ताईने ट्रंकेची दोरी सोडली आणि ताट घेतलं.