कापसात गुंडाळलेले मोहरे

सौद्यात माझ्याइतकं बोलणारा माणूस आर्णीच्या बाजारात दुसरा सापडायचा नाही. समोरचा थकेपर्यंत बोलतो, चिडतो, उठून जातो, परत येऊन बसतो. पण एक गोष्ट आहे, तिच्यावर मी तोंड उघडलेलं नाही. घरात नाही, दोस्तांत नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर नाही. मध्येच काही विचारणार नाही. म्हणून जमेल असं वाटतं.

आधी माझा राग सांगतो. तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ही सबब नव्हे. की सबबच आहे? तुम्हीच बघा.

मी बैलबाजारात वाढलो. मिसरूड फुटायच्या आधी दलालीला लागलो. पुढे बैलं कमी झाली तसा जुन्या ट्रॅक्टरांच्या सौद्यात शिरलो, स्वतःचं दुकान टाकलं. कोणी हात धरून पुढे नेलं नाही. बुद्धिबळही मी बाजारातच शिकलो. दुपारी गिऱ्हाईक मंदावलं की पालाखाली पट मांडायचा आणि हरणाऱ्याने चहा पाजायचा. मी चहा फार कमी वेळा पाजला.

मग यवतमाळच्या स्पर्धांना जायला लागलो. तिथे सुहास होता.

सुहासचं घर पिढ्यान्पिढ्या वकिली-कचेरीचं. तो स्वतः बँकेत. राज्याकडून खेळलेला, मोठमोठ्या खेळाडूंसमोर बसलेला. आमच्या जिल्ह्यात त्याच्या तोडीचं कोणी नव्हतं. दरवर्षी माझी गाठ त्याच्याशी पडायची आणि दरवर्षी माझा डाव सुरू व्हायच्या आधीच संपायचा. सुरुवातीच्या चाली तो पटाकडे न बघताच करायचा. चहाचा घोट घेत, मागे कोणाशी तरी बोलत. त्या सगळ्या त्याला पुस्तकातून पाठ. मी प्रत्येक चालीला घाम गाळायचो आणि तो पाढे म्हणायचा.

एकदा मला असंच हरवल्यावर तो म्हणाला, "गजूभाऊ, ही चाल पुस्तकात आहे. एकदा बघून ठेवा ना. मी आणून देतो."

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, पुस्तक कायले पाह्यजे त्याले? बैलाचे दात पाहून खेळते तो!"

सगळा हॉल हसला. सुहास हसला नव्हता. हे मला तेव्हाही दिसलं होतं. पण लक्षात काय ठेवायचं ते माणूस स्वतः ठरवतो — नाही का? मी ते हसणं लक्षात ठेवलं आणि त्याच्या नावावर टाकलं.

पुढे मोबाईलवर एक नवीनच प्रकार बघायला मिळाला. जगातले सगळ्यात मोठे खेळाडू बसलेले, पण पटावरची मागची रांग विस्कटलेली. राजा, वजीर, हत्ती, घोडे, उंट कुठेही. कुठला मोहरा कोणत्या घरात, हे डावाच्या अगदी आधी चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं. दोन्ही बाजूंची मांडणी सारखीच, म्हणजे कोणाला झुकतं माप नाही. पण पाठांतर साफ निकामी. जे लोक वीस-वीस चाली डोळे मिटून करतात, ते पहिल्याच चालीला कपाळ धरून बसलेले! मी दुकानात टाळ्या पिटल्या.

बायको आतून ओरडली, "कायले बोंबलून राह्यले? ट्रॅक्टर इकला का?"

"त्याहून मोठं काम झालं," मी म्हणालो.

मी यवतमाळच्या मंडळाच्या मागेच लागलो. अशी स्पर्धा आपल्याकडे घ्या. पुस्तकं बाजूला ठेवा, मग कळू द्या कोणाला खेळता येतं ते. लोक हसले, कुरकुरले. मी सौदा करतो तसं एकेकाला गाठून पटवलं. आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यात आधी हो म्हणाला तो सुहास. "गजूभाऊ म्हणतात त्यात तथ्य आहे," म्हणाला.

मांडणी ठरवायची कशी, यावर बैठक झाली. मोबाईलला विचारा, असं तरुण पोरांचं म्हणणं. मी उसळलो. मोबाईलच्या आत कोणाचा हात आहे हे कोणी बघितलंय? आपल्याकडे सौदा चारचौघांत होतो. पिशवीत आठ मोहरे टाका, सगळ्यांसमोर एकेक बाहेर काढा, निघेल त्या क्रमाने रांगेत लावा. नियमात बसलं नाही तर परत पिशवीत टाका. लोकांना पटलं. चारचौघांत होईल ते खरं, हे इथे कोणाला समजावावं लागत नाही.

आमचे पंच गुल्हाने सर, निवृत्त शिक्षक, त्यांनी मान हलवली. "हाताले समजते ना पण. घोड्याचं तोंड तं आंधळ्यालेही समजन."

मी लगेच म्हणालो, "मंग कापसात गुंडाळा एकेक. वरून दोरा मारा. समजलं तं माही मिशी काढा."

"यवतमाळात कापसाले काय तोटा!" कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. ठरलं.

आता इथे थांबावंसं वाटतंय. थांबू नये.

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल-नसेल. दोघं दलाल हातावर दुपट्टा टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं धरतात. कोणतं बोट, किती पेरं, किती जोराने — त्यात सगळा भाव. बाजूला उभ्या माणसाला काही दिसत नाही. मी उभा जन्म दुपट्ट्याखाली काढला आहे. समोरच्याचा हात हातात आला की तो कुठे अडेल, कुठे वाकेल, हे माझ्या बोटांना त्याच्या आधी कळतं. अशा बोटांना कापसाच्या एका थराआड लपलेला घोडा कळणार नाही?

मी कापूस सुचवला तेव्हाच हे माझ्या डोक्यात होतं का? खूप दिवस मी स्वतःला नाही म्हणत आलो. होतं. बैठकीत तोंड उघडायच्या आधीपासून होतं. गिऱ्हाइकाच्या मनातली शंका आपणच आधी बोलून दाखवायची म्हणजे ते निर्धास्त होतं — हा माझा धंदाच आहे.

घरी मी तसेच मोहरे गुंडाळले. पिशवी केली. दुकानात शटर अर्धं ओढून सराव केला. हत्ती सपाट डोक्याचा, तो सोपा. उंट आणि प्यादं फसवतात, पण पिशवीत प्यादी नसतातच. राजा आणि वजीर मात्र उंचीला जवळपास सारखे. राजाच्या डोक्यावरचा खिळा कापसातून अंगठ्याला टोचेपर्यंत मी त्याच्या मागे लागलो. मग एक मांडणी निवडली. वजीर कोपऱ्यात, त्याला लागून उंट. दोन प्यादी सरकली की दोघांचीही तोंडं समोरच्या राजाकडे वळतात. ती एकच मांडणी मी मोबाईलमधल्या प्रोग्रॅमसमोर मांडून बसायचो. त्याने ही चाल केली तर काय, ती केली तर काय. सगळं पाठ केलं. पाढ्यांसारखं.

होय. मीच.

स्पर्धेच्या दिवशी सुरुवातीच्या फेऱ्यांत पिशवीत हात गुल्हाने सरांचा होता. त्या फेऱ्या मी खऱ्या जिंकलो. त्याचा अभिमान मला अजून वाटतो, काय करू? शेवटच्या डावाला मी आणि सुहास उरलो. सर म्हणाले, "गजाननराव, आता तुम्हीच काढा. ही सारी खटपट तुमचीच आहे." कोणी हरकत घ्यावी तरी कशाला? मांडणी दोघांना सारखीच. हात कोणाचा का असेना.

पहिल्या खेपेला मी मुद्दाम चुकीचं काढलं. दोन्ही उंट एकाच रंगाच्या घरात आले, नियमात बसेना. लोक च्यक् च्यक् करू लागले. सगळे मोहरे परत पिशवीत गेले. दुसऱ्या खेपेला वजीर निघाला. मग उंट. घोडा. हत्ती. उंट. राजा. घोडा. हत्ती. दर वेळी कापूस सोडताना मीच सगळ्यात जास्त नवल दाखवलं. सुहास पटाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. तो खूश होता. नवीन काहीतरी बघायला मिळालं म्हणून खूश.

मी जिंकलो. कसा, ते आत्ता नको. सांगेन.

लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. सुहास उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आजवर मी पुस्तक खेळत होतो. बुद्धिबळ गजूभाऊ खेळतात." टोमणा नव्हता. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. आणि मी सांगतो, त्या हातात काहीच लपलेलं नव्हतं. माझ्या बोटांनी शोधलं, तरी नव्हतं.

इथवरचं मी कदाचित कधीतरी बोललोही असतो. चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. पुढचं तसं नाही.

काही आठवड्यांनी तो माझ्या दुकानात आला. यवतमाळहून एसटीने, घडीचा पट बगलेत मारून. बाहेर एक गिऱ्हाईक ट्रॅक्टरचं इंजिन चालू-बंद करून बघत होतं. सुहास त्या आवाजातच बोलला.

"गजूभाऊ, मला शिकवाल का? पाठांतराशिवाय कसं बघायचं ते. मी रविवारी येत जाईन."

तो रविवारी यवतमाळात पोरांना बुद्धिबळ फुकट शिकवायचा. म्हणजे तो वर्ग सोडून माझ्याकडे येणार होता. काय शिकवणार होतो मी त्याला? एक डाव समोर बसलो असतो तरी त्याला सगळं कळलं असतं. मी कोपऱ्यात सापडलो होतो, आणि कोपऱ्यात सापडलो की मला राग येतो. गिऱ्हाइकावर येतो, बायकोवर येतो. त्या दिवशी त्याच्यावर आला.

मी म्हणालो, "तुमच्यात ते नाहीच, सुहासभाऊ. जे नाही ते कोण शिकवन?"

त्याने बगलेतला पट सावरला. "असं वाटतं तुम्हाला?"

"वाटत नाही. पाह्यलं मी. समोर बसून पाह्यलं."

त्याने मान हलवली. शिकलेली माणसं हलवतात तशी, पुरावा मान्य असल्यासारखी. चहा सांगितला होता, तोही पिऊन गेला. आणि त्यानंतर तो खेळला नाही. कुठेच नाही. रविवारचा वर्ग बंद केला. स्वतःला येत नाही ते पोरांना काय शिकवायचं, असं म्हणाला म्हणे.

तो वर्ग मंडळाने मला दिला आहे. नाही कसं म्हणणार? पोरांना मी सांगतो, पाठ करू नका, डोकं लावा. दरवर्षी स्पर्धेत पिशवी माझ्याच हातात देतात, मानाने. आता मी डोळे मिटून, जे पहिलं लागेल ते उचलतो. तरी बोटांना कळतंच. घोडा, हत्ती, राजा — कळल्याशिवाय राहत नाही. स्वतः मी ती स्पर्धा खेळत नाही. हात आता फक्त मुलांसाठी, असं सांगतो. लोकांना तो माझा मोठेपणा वाटतो. जो दरवाजा उघडावा तिथे माझाच सत्कार उभा.

गेल्या महिन्यात राळेगावला एका लग्नात सुहास भेटला. जाडसर झालाय. त्याने मला आपल्या बायकोच्या नातेवाइकांत नेलं आणि म्हणाला, "हे गजूभाऊ. मी उगाच आयुष्य घालवत होतो, यांनी वेळेवर सांगितलं." म्हणताना हसला. मीही हात जोडले. जेवण झालं का, म्हणून विचारलं.

आता ते राहिलेलं सांगतो.

त्या डावात मी पटावर जिंकलो नव्हतो. डावाला दोघांनाही ठरावीक वेळ असते; सुहासच्या घड्याळातली ती संपली, म्हणून जिंकलो. लोकांना वाटलं, पुस्तक काढून घेतलं आणि हा गोंधळला. त्यालाही तसंच वाटलं, कारण मी झटपट खेळत होतो आणि तो प्रत्येक चालीला वेळ घेत होता. पण ज्या चाली मी प्रोग्रॅमकडून शिकून, घोकून आलो होतो, त्यांची उत्तरं तो तिथे बसून एकेक शोधत होता. पहिल्यांदाच बघत होता ती मांडणी. आणि दर वेळी त्याचा हात तिथेच गेला, जिथे प्रोग्रॅमने मला घरी दाखवलं होतं. एकदाही चुकला नाही. माझं पाठांतर संपलं, तेव्हा त्याचं एक प्यादं माझ्या शेवटच्या रांगेपासून, म्हणजे वजीर होण्यापासून, दोनच घरं दूर होतं आणि ते अडवायला माझ्यापाशी काही नव्हतं. घड्याळ थांबलं तेव्हा तो प्यादं पुढे सरकवायला हात उचलत होता.

त्या हॉलमध्ये हे कळू शकणारा माणूस एकच होता. 'तुमच्यात ते नाहीच' असं मी त्याला दुकानात म्हणालो, तेव्हा हे सगळं मला ठाऊक होतं.